उशी काढा, गुडघा आधी सरळ करा

पत्र : माझ्या सासूबाईंच्या (वय ६७) उजव्या गुडघ्याचं सांधेबदलाचं ऑपरेशन कोल्हापूरला झालं, त्याला आता पाच आठवडे झाले. आमचं घर राजापूर तालुक्यात, रस्त्यापासून पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून खाली. फिजिओथेरपिस्ट तीनदा येऊन गेले, मग पावसामुळे त्यांचं येणं थांबलं. शेवटच्या वेळी मोजलं तेव्हा गुडघा ७५ अंश वाकत होता आणि सरळ व्हायचा १० अंश राहिला होता. पाय सरळ उचलायला सांगितला तर तो गुडघ्यात लवतो. व्यायाम करताना त्या रडतात, म्हणून दोन दिवस केला तर दोन दिवस सोडला असं चाललंय. रात्री गुडघ्याखाली उशी असली तरच झोप लागते. शेजारच्या काकी म्हणतात, ठणका आहे तोवर पाय हलवू नका, आपोआप मोकळा होईल. गावात चोळून देणारे एक आजोबा आहेत, त्यांना बोलवावं का? गुडघ्यात टकटक आवाज येतो, बाहेरची बाजू बधिर लागते. सात आठवड्यांनी गणपती येतायत. पूजेला पाटावर बसता येईल का, असं त्या रोज विचारतात. काय सांगू त्यांना?
— एक सून, राजापूर तालुका

उत्तर :

ताई, बाकीचं सावकाश वाचा, पण गुडघ्याखालची उशी आज रात्रीच काढून टाका.

त्या उशीने बरं का वाटतं ते आधी सांगते, म्हणजे सासूबाईंना समजावता येईल. ऑपरेशननंतर कित्येक आठवडे सांध्यात पाणी साठलेलं असतं. गुडघा साधारण ३० अंश वाकवून ठेवला की सांध्याच्या आवरणावरचा ताण सगळ्यात कमी होतो, म्हणून उशी घेतली की ठणका थांबतो आणि झोप येते. पण याच दिवसांत गुडघ्याच्या आत नवे तंतू तयार होत असतात. गुडघा रात्रीचे सात-आठ तास वाकलेला राहिला, तर लवणीतलं, म्हणजे गुडघ्याच्या मागच्या खोलगट भागातलं आवरण आणि मांडीमागचे स्नायू आखूडच राहतात आणि नवे तंतूही तसेच पक्के होतात. दिवसा अर्धा तास केलेल्या व्यायामाने ते भरून निघत नाही. सरळ व्हायचे राहिलेले १० अंश मुख्यतः इथूनच आले असावेत.

१० अंश ऐकायला थोडे वाटतात, पण माणूस सरळ गुडघ्यावर उभा राहतो तेव्हा मांडीच्या पुढच्या स्नायूला फारसं काम नसतं. गुडघा जरा वाकलेला राहिला की तोच स्नायू उभं असेपर्यंत ताणलेला राहतो आणि लवकर थकतो. पाय आखूड पडल्यासारखा होऊन चाल लंगडी होते, मग दुसरा गुडघा आणि कंबर बोलायला लागतात. घरोघरी सगळ्यांचं लक्ष ‘किती वाकतो’ याच्याकडे असतं. वाकणं पुढचे दोन-तीन महिने वाढत राहतं, पण सरळ होण्याचं राहिलं तर ते नंतर मिळवणं फार अवघड जातं. म्हणून रोजच्या व्यायामात पहिला वेळ सरळ करण्याला द्या.

उशी पूर्ण सोडवत नसेल तर तिची जागा बदला. उशी उभी, पायाच्या लांबीने ठेवा, पोटरीच्या मध्यापासून टाचेपर्यंत, म्हणजे गुडघा उशीच्या वर येणार नाही. पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडत असेल तर मांडीच्या बाहेरून चादरीची गुंडाळी लावा. कुशीवर झोपायचं असेल तर दोन्ही पायांमध्ये उशी चालते. पहिल्या तीन-चार रात्री झोप मोडेल. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी येईल अशी वेळ लावून घ्या.

आता तुमच्या आकड्यांबद्दल. पाचव्या आठवड्याला ७५ अंश म्हणजे गुडघा मागे पडलाय. बहुतेक पेशंट दोन ते चार आठवड्यांत ९० अंशांपर्यंत येतात आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास १०० च्या पुढे जातात. सपाट जागेवर चालायला ६५ ते ७० अंश पुरतात, म्हणून घरात फिरताना त्यांना काही अडत नसेल. जिना चढायला ८५ च्या आसपास लागतात, उतरायला त्याहून थोडे जास्त, आणि नेहमीच्या खुर्चीवरून हात न टेकता उठायला १०० च्या घरात. म्हणजे ७५ वर थांबून चालणार नाही. त्यातून काकी म्हणतात तसं आपोआप मोकळं होत नाही. हलवला नाही तर आतले तंतू घट्ट होत जातात आणि एका मर्यादेनंतर व्यायामाने सुटत नाहीत. अशा वेळी सर्जन भूल देऊन गुडघा वाकवून घेतात. त्याचा चांगला उपयोग पहिल्या तीन महिन्यांतच होतो, उशीर झाला तर पुन्हा शस्त्रक्रियेपर्यंत गोष्ट जाऊ शकते. म्हणून येत्या आठ-दहा दिवसांत त्यांना ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवाच. घाबरून नाही, वेळ हातात आहे तोवर. आणि भेटीची वाट बघत व्यायाम थांबवू नका.

रडण्याचं म्हणाल तर दोन गोष्टी वेगळ्या करून बघाव्या लागतील. ताण बसताना दुखणं, ओढ लागणं, लवणीत कळ येणं हे होणारच. शून्य ते दहाच्या मापात चार-पाचपर्यंतचं दुखणं चालतं, पण ते व्यायाम थांबल्यावर तासा-दोन तासांत पहिल्यासारखं व्हायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवसापेक्षा सुजलेला आणि जास्त गरम असेल, तर आदल्या दिवशी जास्त झालं. त्यासाठी शिवणकामाची टेप घ्या, पाय सरळ ठेवून वाटीच्या बरोबर मध्यावरून घेर मोजा. रोज सकाळी, अंथरुणातून उठायच्या आधी. घेर एक सेंटीमीटरपेक्षा जास्त वाढलेला दिसला तर त्या दिवशी व्यायामाच्या वेळा तेवढ्याच ठेवा, फक्त प्रत्येक वेळचा आकडा आणि जोर निम्मा करा. पूर्ण सुट्टी घेऊ नका. दोन दिवस जोर आणि दोन दिवस सुट्टी यात दोन्हीकडून तोटा होतो, जोराच्या दिवशी सूज वाढते आणि सुट्टीच्या दिवशी गुडघा आखडतो. त्यांच्या रडण्यामागे बहुतेक हेच असणार. रोज चार वेळा, प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटं : सकाळी चहानंतर, अकराच्या सुमारास, दुपारी चारला आणि रात्री झोपायच्या आधी. त्यातल्या दोन वेळांआधी अर्धा तास गोळी पोटात असू दे. गोळीचा डोस स्वतः वाढवू नका. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या दुकानातून आणून तर मुळीच देऊ नका, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, बीपी असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर.

प्रत्येक वेळेची सुरुवात टाचेखालच्या गुंडाळीने करा. मऊ गादीत पाय रुततो, म्हणून खाटेवर सतरंजी घालून उताणं झोपवा. जाड टॉवेलची चार ते पाच इंचांची घट्ट गुंडाळी टाचेच्या जरा वर, घोट्याखाली ठेवा. पोटरी आणि गुडघा दोन्ही अधांतरी राहिले पाहिजेत, खाली काहीही नको. पायाची बोटं छताकडे. पाय बाहेर कलंडला की गुडघा सरळ झाल्यासारखा दिसतो पण ताण निघून जातो, ही चूक जवळजवळ सगळे करतात. असंच पडून राहायचं, पहिल्या दिवशी पाच मिनिटं, आठवड्याभरात दहापर्यंत. लवणीत ओढ लागेल, ती लागायलाच हवी. मांडी सैल सोडायला सांगा, गप्पा मारा, रेडिओ लावा. मधून मधून मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा आणि सोडायचा. असं दहा वेळा. मांडी खरंच आवळली जाते की नाही हे तुम्ही वाटीवर दोन बोटं ठेवून बघा. वाटी मांडीकडे सरकलेली बोटांना कळते. सरकत नसेल तर त्या नुसता कुल्ल्याने किंवा टाचेने जोर लावतायत. श्वास रोखून धरू देऊ नका, मोठ्याने आकडे मोजायला लावलं की श्वास आपोआप चालू राहतो.

पाय उचलताना गुडघा लवतो असं तुम्ही लिहिलंय. मांडीचा पुढचा स्नायू अजून नीट जागा झालेला नाही, असा त्याचा अर्थ. सांध्यात पाणी असलं की हा स्नायू मेंदूचं ऐकेनासा होतो. त्यात पेशंटचा आळस नसतो, त्यामुळे त्यांना त्याबद्दल बोलू नका. तो लवतोय तोवर सरळ पाय उचलण्याचे आकडे वाढवून फायदा नाही. त्याऐवजी गुडघ्याच्या जरा वर, मांडीच्या खालच्या टोकाखाली सहा-सात इंचांची गुंडाळी ठेवा. मांडी गुंडाळीवरून न उचलता टाच वर उचलून गुडघा जितका सरळ होईल तितका करायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा, आणि तितकाच वेळ घेऊन खाली आणायचा. दहाचे दोन फेरे. झाल्याबरोबर गुंडाळी काढून घ्या, तिच्यावर पाय ठेवून विसावू देऊ नका, नाहीतर उशीचीच गोष्ट पुन्हा होईल. वरच्या टोकाला पाय थरथरला तर चांगलं आहे. पाय न लवता उचलता यायला लागला की मग सरळ पाय वीतभर वर, पाच मोजून खाली, असा व्यायाम धरा.

त्यानंतर वाकवणं. खाटेवर टाच घासत आणण्यासाठी पायात मोजा घाला किंवा टाचेखाली प्लास्टिकची पिशवी ठेवा. लांब पंचा तळपायाला अडकवून त्याची दोन्ही टोकं त्यांच्याच हातात द्या. टाच कुल्ल्याकडे सरकवत न्यायची, जिथे अडेल तिथे पंच्याने थोडी आणखी ओढायची, दहा मोजेपर्यंत थांबायचं आणि परत सरळ. असं दहा ते पंधरा वेळा. दोर त्यांच्या हातात असणं गरजेचं आहे. दुसऱ्याने दाबलं की भीतीने मांडीचा स्नायू आवळला जातो आणि गुडघा वाकण्याऐवजी अडतो. घरातल्या कुणीही पोटरी धरून जोर लावायचा नाही.

खुर्चीवरचं वाकवणं मला याहून जास्त कामाचं वाटतं. लाकडी, न हलणारी खुर्ची घ्या, प्लास्टिकची लादीवरून सरकते. ऑपरेशनच्या पायाचं पाऊल जमिनीवरून घासत मागे न्यायचं, डावा पाय त्याच्या घोट्यावर पुढून आडवा टाकून हलकेच मागे रेटायचं, अर्धा मिनिट. जिथे अडलं तिथे पाऊल घट्ट रोवून बूड खुर्चीवर पुढे सरकवायचं. पाऊल जागच्या जागी आणि शरीर पुढे, म्हणजे गुडघा आणखी पाच-सात अंश वाकतो. वीस ते तीस सेकंद धरून मागे. पाच वेळा. एका बाजूचं बूड खुर्चीवरून उचललं जातंय का, तेवढं बघा. दुखायला लागलं की माणूस नकळत उजवी कंबर वर उचलतो, पाऊल मागे गेलेलं दिसतं पण गुडघा तेवढाच राहतो.

प्रगती मोजायला गवंड्याचा ओळंबा पुरेसा आहे, नसेल तर सुतळीला कुलूप बांधा. खुर्चीवर मांडी जमिनीला समांतर असताना गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर सुतळीचं टोक धरा आणि कुलूप खाली सोडा. सुतळी बाहेरच्या घोट्याच्या हाडावरून गेली की ९० अंश. घोटा सुतळीच्या पुढे राहिला तर अजून कमी, मागे गेला तर ९० ओलांडले. घोटा आणि सुतळी यांच्यातलं अंतर बोटांत मोजून तारखेसकट वहीत लिहा. आठवड्यातून दोनदा, एकाच वेळी, व्यायाम झाल्यावर. सरळपणासाठी खाटेवर पाय पसरून लवणीखालून तुमचा तळहात घालून बघा. हात जितका सहज जातो तितकं सरळ होणं बाकी. सुजेचा घेर रोज मोजायचा, पण वाकणं आणि सरळपणा रोज मोजू नका, दोन दिवसांत फरक दिसला नाही की त्या खट्टू होतील.

तुमच्याकडे ओटीवर झोपाळा असेल तर त्याचाही उपयोग होतो, पण आत्ता लगेच नाही. त्यावर बसताना तो मागे सरकतो आणि सगळा भार अचानक नव्या गुडघ्यावर येतो. दोन-तीन आठवड्यांनी काठीवर नीट चालायला लागल्या की दोन बाजूंनी कड्या घट्ट धरून त्यांना बसवा. तळपाय जमिनीला टेकलेले ठेवून हळूहळू पुढे-मागे झुलायचं. पाऊल एका जागी राहतं आणि गुडघा आपसूक वाकतो-सरळ होतो. न कुरकुरता दहा मिनिटं केला जाणारा व्यायाम आहे हा. झोपाळा फार उंच असेल आणि पाय पूर्ण टेकत नसतील तर करू नका.

वाकवण्यानंतर बर्फ. कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी पिशवीत घालून, पंच्यात गुंडाळून, पुढून आणि दोन्ही बाजूंनी पंधरा ते वीस मिनिटं. पाय हृदयापेक्षा वर, आधार टाचेखाली. बर्फ थेट कातडीवर नको, त्यातून बाहेरची बाजू बधिर आहे, भाजलेलं कळणार नाही. पावसात लाइट जाते तेव्हा विहिरीच्या गार पाण्यात भिजवलेला टॉवेल दर चार-पाच मिनिटांनी बदलत राहा. गरम शेक, विटेचा शेक, गरम पाण्याची पिशवी सध्या पूर्ण बंद. गुडघा आधीच गरम आहे, शेकाने सूज वाढेल.

चोळणाऱ्या आजोबांना बोलवू नका. त्यांचा हेतू चांगला असेल, पण पोटरी जोराने चोळणं या काळात धोक्याचं आहे. ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याची शक्यता काही आठवडे असते आणि चोळून ती सुटली तर फुप्फुसात जाऊन अडकते. आणि कुणी झटक्याने गुडघा वाकवून दिला तर वाटीखालचा कंडरा तुटू शकतो किंवा सांध्याच्या वरचं हाड मोडू शकतं. तेलाचा हात हवाच असेल तर तो तुमचा असू दे. खपल्या सगळ्या पडलेल्या असतील आणि जखम पूर्ण कोरडी असेल तरच खोबरेल तेलाचे दोन थेंब घ्या, व्रणावर बोटाच्या पेराने छोटी वर्तुळं करा, मग कातडी आडवी-उभी सरकवा. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. कातडी खालच्या थराला चिकटली की वाकताना पुढून ओढ बसते, ती याने कमी होते. पाय सरळ आणि सैल असताना वाटीही अंगठा व बोटांत धरून वर-खाली, डावी-उजवीकडे हलकेच सरकवा.

टकटक आवाज नव्या सांध्यातला धातूचा भाग प्लास्टिकच्या चकतीवर टेकतो त्याचा आहे, दुखत नसेल तर काळजी नको. बाहेरच्या बाजूची बधिरता चिरेत कातडीची एक बारीक नस कापली जाते म्हणून येते. ती वर्षभरात आकसते, थोडी कायम राहू शकते. गुडघा सहा महिने कोमट लागला तरी तेवढ्याने घाबरायचं कारण नाही.

चालण्याबद्दल : टाच आधी, मग पाऊल, आणि पाय उचलताना गुडघा वाकवायचा. काठीसारखा ताठ पाय बाहेरून फिरवत नेण्याची सवय पाच आठवड्यांत लागलेली असते, ती मोडायला लागते. दिवसातून चार-पाच वेळा सात-आठ मिनिटं चालणं हे एकदम अर्धा तास चालण्यापेक्षा चांगलं. वॉकर सुटला की काठी डाव्या हातात, म्हणजे ऑपरेशनच्या विरुद्ध बाजूला. काठीची मूठ हात सैल सोडल्यावर मनगटाच्या रेषेत यावी. पुळणीच्या मऊ वाळूत पहिले तीन महिने चालवू नका, पाय रुततो आणि गुडघ्याला पीळ बसतो. पुढे ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट, सपाट वाळूवर चालायला हरकत नाही.

पायऱ्यांवर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आणि काठी आधी. ओटीच्या चिऱ्याच्या पायऱ्या शहरातल्या जिन्यापेक्षा उंच असतात, आठ-नऊ इंच सहज. ७५ अंशांत त्यांना एक पायरी एका वेळेलाच घेता येईल. बाजूला भिंतीत पक्का पाइप बसवून घ्या. अर्धी पायरी करण्यासाठी सुटा चिरा ठेवू नका, तो डगमगतो. मदतीचा माणूस चढताना मागे, उतरताना पुढे, नेहमी खालच्या बाजूला असावा. जांभ्यावरचं शेवाळ तारेच्या ब्रशने आणि ब्लीचिंग पावडरने आठवड्यातून एकदा काढा, तरी पाऊस चालू असताना त्यांना अंगणात पाठवू नका. वॉकरची, काठीची रबरी बुचं झिजलीत का बघा, गुळगुळीत झालेलं बूच ओल्या लादीवर घसरतं. घरात रबरी सपात बंद, मागे पट्टा असलेली चप्पल द्या. उंबरठ्याशी रात्री दिवा असू दे. संडास बाहेर असेल तर रात्रीपुरती कमोड खुर्ची आत ठेवा. उकिडवं बसायचं नाही, हे तर डॉक्टरांनी सांगितलंच असेल.

पाखाडी त्यांना चढायला लावू नका. डॉक्टरांकडे न्यायच्या दिवशी लाकडी खुर्चीत बसवून चौघांनी उचलून रस्त्यापर्यंत न्या, त्यात कमीपणा नाही. अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरला जाताना पुढची सीट मागे सरकवून घ्या, आधी बूड टेकवून मग दोन्ही पाय एकत्र आत. सीटवर प्लास्टिकची पिशवी असली की वळणं सोपं जातं. तासाभराने गाडी थांबवून दोन मिनिटं उभं करा, आणि बसल्या बसल्या पाऊल घोट्यातून वर-खाली हलवत राहायला सांगा. एसटीची पहिली पायरी फार उंच असते, सध्या एसटी नको.

पूजेचं उत्तर त्यांना गोड वाटणार नाही, पण स्पष्ट सांगा : या गणपतीत पाटावर नाही. मांडी घालायला १२५-१३० अंशांच्या पुढे वाकणं लागतं आणि वर गुडघ्याला पीळ पडतो, तो प्लास्टिकच्या चकतीला चांगला नाही. बाराव्या आठवड्यात अंगात तेवढं वाकणं आणि बळ दोन्ही नसतं. जमिनीवर बसणं पुढे कधी तरी जमेल का, हे सर्जनने त्यांचा सांधा बघून ठरवायचं. पण पूजा त्यांच्या हातून होऊ शकते. मूर्ती दरवर्षीपेक्षा उंच, टेबलावर मांडा आणि त्यांना हात असलेल्या खुर्चीत बसवा. आरतीला पाच मिनिटं उभं राहता येईल, सगळ्या आरत्यांना नाही. मोदक टेबलाशी बसून वळू द्या, नारळ खवायला जमिनीवर बसून वापरायच्या आदोळीऐवजी टेबलाला लावायची खवणी आणा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठून घरात एक फेरी, नाहीतर गुडघा त्याच कोनात आखडतो. चाकरमानी घरात भरले की व्यायामाच्या चार वेळांतल्या दोन हमखास बुडतात. त्या वेळा मुंबईहून येणाऱ्या कुठल्या नातवाकडे सोपवून द्या.

काही गोष्टी दिसल्या तर वाट बघायची नाही. एका पोटरीला नव्याने सूज, दुखणं, ताठरपणा आला, तर त्याच दिवशी दवाखाना. अचानक धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यात रक्त आलं, तर १०८ ला फोन. जखमेतून पाणी किंवा पू आला, लाली पसरत गेली, थंडी वाजून ताप आला, किंवा कमी होत आलेला ठणका पुन्हा वाढला, तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाच कळवा. गावातून अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू करू नका. सांध्यातलं पाणी तपासायच्या आधी गोळ्या पोटात गेल्या की कुठला जंतू आहे ते सापडत नाही आणि उपचार चुकतो. पडल्यावर पाय उचलताच येत नसेल तर तीही तातडीची गोष्ट समजा. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील तर त्यांच्यावर लगेच औषध लावा, पाय धुऊन बेचकी कोरडी करा. तिथून शिरलेला जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत जाऊ शकतो. लावणीचं शेत, चिखल, वहाळ यांत पाय घालायचा नाही.

फिजिओथेरपिस्ट पुन्हा येऊ शकत नसतील तर त्यांना आठवड्यातून एकदा व्हिडिओवर व्यायाम दाखवा, आणि रत्नागिरीला जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय कुठल्या दिवशी असते याची चौकशी करा. दोन आठवड्यांतून एकदा जरी अनुभवी हात गुडघ्याला लागला तरी फरक पडतो.

डॉक्टरांकडे जाताना मोजमापांची वही आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. त्यांना तीन गोष्टी विचारा : ऑपरेशन टेबलावर गुडघा किती वाकत आणि किती सरळ होत होता, एक्स-रेमध्ये सांधा जागेवर आहे ना, आणि कुठल्या तारखेपर्यंत किती अंश आले नाहीत तर भूल देऊन वाकवायचा विचार करायचा. ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.